अंगणांतील मोगरा आणि पाण्याचें माप

खानदेशांतील माणसास पाण्याचें मोल कोणी शिकवावयास नको. आमच्या मुक्ताईनगरापासून, म्हणजे पूर्वीच्या एदलाबादेपासून, तापी-पूर्णेचा संगम फार दूर नाहीं. तथापि वैशाखांत पारा ४५ अंशांकडे चढूं लागला म्हणजे अंगणांतील पान न् पान कोमेजतें आणि घरांतील प्रत्येकाचा हात तांब्याकडे जातो. या दयाबुद्धीनेंच आम्हीं घरचा मोगरा कसा मारला, ती हकीकत वाचकांच्या उपयोगीं पडेल म्हणून येथें देत आहों.

हा मोगरा आमच्या मातोश्रींनीं लावलेला. त्या गेल्यावर त्याला पाणी घालणें हें घरांत प्रत्येकाचें कर्तव्य होऊन बसलें. पहाटे आमची मंडळी, स्नानानंतर थोरली सून, दुपारीं नातवंडें, दिवेलागणीला धाकटी सून. जो तो आपला तांब्या ओती, आणि दुसऱ्यानें ओतला कीं नाहीं हें कोणी विचारीत नसे. ज्येष्ठांत पानें पिवळीं पडूं लागलीं. संस्कृताचा अभिमान बाळगणाऱ्या आम्हीं वराहमिहिराच्या बृहत्संहितेंतील वृक्षायुर्वेदाचा अध्याय काढला. उन्हाळ्यांत सकाळ-सायंकाळ, थंडींत एक दिवसाआड आणि पावसाळ्यांत भूमि सुकेल तेव्हां पाणी द्यावें, असें तेथें सांगितलें आहे. त्यांतील ‘सकाळ-सायंकाळ’ एवढेंच आम्हीं उचललें आणि पाणी वाढविलें. आठ दिवसांत झाडानें मान टाकली.

शेवटीं एका वृद्ध माळ्यास बोलाविलें. त्यानें खुरप्यानें बुंध्याजवळची माती उकरली. तिला कुजका वास येत होता आणि मुळें काळीं पडलीं होतीं. तो म्हणाला, “मास्तर, हे झाड तहानलेलं नाही, बुडालेलं आहे.”

त्याच्या बोलण्यांतील शास्त्र असें. मुळांस पाण्याइतकीच हवेचीही गरज असते. आपली काळी माती अतिशय बारीक कणांची. ती भिजली कीं फुगते, तिच्यांतील छिद्रें बुजतात आणि पाणी निचरत नाहीं. मग मुळें गुदमरून कुजतात. कुजलेल्या मुळास पाणी ओढतां येत नाहीं. म्हणून चिखलांत उभें असलेलें झाडही तहानलेल्यासारखेंच कोमेजतें. आपण तें पाहून आणखी पाणी घालतों, आणि उपायच अपाय होतो. उलट हीच माती पार वाळली कीं भेगाळते. मग भडाभड ओतलेलें पाणी भेगांतून मुळांना चुकवून खालीं निघून जातें. म्हणून पाणी सावकाश घालावें.

तहान ओळखावी कशी? दुपारीं माना टाकलेलें झाड सायंकाळीं सावरलें, तर तो केवळ उन्हाचा परिणाम समजावा. सकाळींही तें मलूल दिसल्यास बोट दोन इंच मातींत घालून पाहावें. माती ओली लागली तर पाणी देऊं नये. कोरडी लागली तरच द्यावें.

मापाचा हिशेब शाळकरी मुलासही करतां येईल. एक चौरस फूट जागेवर एक इंच पाणी म्हणजे सुमारें २.३६ लिटर. दोन फूट व्यासाच्या आळ्याचें क्षेत्रफळ सुमारें ३.१४ चौरस फूट. त्यास ७ लिटरांहून थोडें अधिक, म्हणजे १५ लिटरांची अर्धी बादली लागते. आमच्या अंगणांत भर उन्हाळ्यांत तिसऱ्या-चौथ्या दिवशीं एवढें पुरतें. हिवाळ्यांत आठ-दहा दिवसांनीं, आणि पावसाळ्यांत उघडीप लांबली तरच. आळ्यांत वाळक्या पानांचा थर पसरावा, म्हणजे ओल टिकते. कुंडी मात्र लवकर सुकते. तिला उन्हाळ्यांत बहुधा रोज पाणी लागतें, आणि तिच्या बुडाचें छिद्र मोकळें हवें. थंड डोंगरांतील अझेलियासारख्या नाजूक मुळांच्या झुडपासही ओल आणि निचरा दोन्ही लागतात. शिवाय त्यास आम्लधर्मी माती हवी, म्हणून आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनींत त्याचा हट्ट धरूं नये.

वराहमिहिराचा दोष नव्हता. दोष आमच्या वाचनाचा. तो नियम रोपून वाढवावयाच्या झाडांचा आहे, आणि ‘भूमि सुकेल तेव्हां’ हें त्यांतील मर्म आम्हीं ओलांडून गेलों. वर्गांत अर्धें वाक्य वाचून उत्तर देणाऱ्या मुलास आम्ही उभें करीत असूं!

मूळ झाड वांचलें नाहीं. परंतु एक फांदी हिरवी होती. आषाढांत तिचे तुकडे माती उंच करून केलेल्या वाफ्यांत लावले, त्यांतील दोन जगले. आतां पाणी घालण्याचें काम एकट्या थोरल्या नातीकडे आहे. बाकीच्यांनीं हवें तर तुळशीला पळीभर पाणी घालावें. यंदा चैत्रांत पहिलीं फुलें आलीं. तीं तिनें मातोश्रींच्या तसबिरीस वाहिलीं, तेव्हां घरांत कोणी कांहीं बोललें नाहीं. पण त्या दिवसापासून बोट मातींत घातल्याशिवाय तांब्या कोणी उचलीत नाहीं.