इंजिन बदललं, पण गाडी तापते

खांडबाऱ्याहून विसरवाडीमार्गे धुळ्याकडे निघालं की कोंडाईबारीचा घाट लागतो. इंजिन बदललेली गाडी खरी कळते ती इथे. सपाटीला शांत असलेला तापमानाचा काटा चढावर वर सरकू लागतो.

अशा वेळी नव्या इंजिनाला लगेच दोष देऊ नये. बहुतेकदा कारण असतं आत अडकलेली हवा. इंजिन उतरवताना सगळं कूलंट निघून जातं. परत भरताना वरच्या पाइपात हवा कोंडते आणि पाणी फिरतच नाही. गाडीचं तोंड चढाला करा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा आणि थंड इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडून कूलंट सावकाश भरा. मग इंजिन चालू ठेवा. बुडबुडे येतील, पातळी खाली जाईल, पुन्हा भरा. पंखा सुरू होऊनही बुडबुडे थांबतच नसतील, तर हेड गॅस्केट तपासायलाच हवं.

गळती शोधायची ती सकाळी, गार गाडीवर. जुने रबरी पाइप नव्या तोंडांवर नीट बसत नाहीत. क्लिपजवळ वाळलेला पांढरट-हिरवट डाग दिसला की जागा सापडली. झाकणाचं रबरही पाहा. दाब धरला नाही तर कूलंट लवकर उकळतं. नुसतं बोअरचं पाणी ओतू नका, क्षारांनी रेडिएटर चोंदतो.

आणि तापलेल्या गाडीचं झाकण कधीही उघडू नका. उसळणारं पाणी चेहरा भाजतं. अर्धा तास तरी थांबा.