अनोळखी गाडीतले लेकरू

गेल्या उन्हाळ्यातील गोष्ट. एका लग्नासाठी आम्ही नागपूरहून वर्ध्याला निघालो होतो. गाडी मित्राची, चालवायला मित्रच आणि शेजारी आम्ही. जामठा मागे पडले आणि एक पांढरी, उंच, नवीकोरी गाडी आम्हाला मागे टाकून पुढे गेली. तिच्या छताची काच उघडी होती आणि त्यातून दोन मुले कमरेपर्यंत बाहेर आलेली होती. मुलगी आठ-नऊ वर्षांची असेल, मुलगा पाच-सहाचा. दोघेही हात पसरून वारा अंगावर घेत होती. तिसरे मूल, फार तर दोन वर्षांचे, चालकाच्या मांडीवर. त्याचे इवलेसे हात स्टिअरिंगवर. गाडीचा वेग ताशी ऐंशीच्या खाली नक्कीच नव्हता.

मित्र म्हणाला, "नंबर लिहून घ्या आणि पोलिसांना फोन लावा." आम्ही लग्नपत्रिकेच्या पाठीवर नंबर लिहिला. मोबाईल हातात घेतला. आणि थांबलो. मुले त्यांची, गाडी त्यांची, आईबाप सोबत आहेत. आपण कोण? या विचारात बुटीबोरी आली आणि ती गाडी दिसेनाशी झाली. फोन लागला नाही, कारण आम्ही तो लावलाच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वर्तमानपत्र हातात पडताच आम्ही आधी अपघाताच्या बातम्या पाहिल्या. त्या गाडीची बातमी नव्हती. बरे वाटले. पण बातमी नव्हती याचे श्रेय आमचे नव्हते, ही टोचणी मात्र अजून गेलेली नाही.

प्रश्न साधा आहे. अनोळखी माणसाच्या गाडीत लेकरांचा जीव धोक्यात दिसला, तर त्याची तक्रार करावी की करू नये? आमच्यासारखे हजारो लोक रोज हे दृश्य पाहतात आणि मान वळवतात. ही मान का वळते, याचा विचार झाला पाहिजे.

पहिले कारण म्हणजे, आईबापाला आपल्या लेकराची काळजी आपल्यापेक्षा जास्त असते, असे आपण धरून चालतो. काळजी असतेच, त्याबद्दल वाद नाही. परंतु काळजी असणे वेगळे आणि धोका समजणे वेगळे. मांडीवर घट्ट धरले की मूल सुरक्षित, असे आईला मनापासून वाटते. हिशेब काय सांगतो? ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी एकदम आदळली, तर आतल्या मोकळ्या माणसाला बसणारा तडाखा सुमारे तिसऱ्या मजल्यावरून खाली पडण्याइतका असतो. दहा किलोचे मूल त्या क्षणी आईच्या हातात राहत नाही. आईचे प्रेम कमी पडते म्हणून नव्हे, तर माणसाच्या हातात तेवढे बळच नसते म्हणून. पुढच्या सीटवर मांडीत मूल असेल आणि एअरबॅग उघडली, तर मोठ्यांना वाचविणारी ती पिशवी लहानग्याचा जीव घेऊ शकते. मुलांसाठी असलेल्या खास आसनामुळे मृत्यूचे प्रमाण किमान ६० टक्क्यांनी कमी होऊ शकते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि छतातून डोके बाहेर काढलेल्या मुलाला तर कोणताच आधार नसतो. एक ब्रेक, एक लोंबणारी तार, किंवा आमच्या नागपुरात संक्रांतीच्या दिवसांत आडवा येणारा नायलॉन मांजा. एवढे पुरेसे आहे.

पट्टा फक्त पुढे बसणाऱ्याने लावायचा असतो, हा आणखी एक गैरसमज. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. गाडी महागडी होती. ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. त्याच वर्षी देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यातील १६,७१५ जणांनी सीटबेल्ट लावलेला नव्हता आणि त्यांपैकी निम्मे चालक नव्हते, सोबत बसलेले प्रवासी होते. पैशाने गाडी मोठी होते, हाडे मजबूत होत नाहीत.

दुसरे कारण, कायदा काय म्हणतो हेच आपल्याला ठाऊक नसते. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली. त्यातील कलम १९४ ब नुसार चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा मुलांचे आसन न लावता गाडी चालविणाऱ्यास एक हजार रुपये दंड आहे. नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलाला दुचाकीवर नेताना त्याच्या मापाचे हेल्मेट, चालकाला बांधून ठेवणारा पट्टा आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा, हा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. म्हणजे 'माझे मूल, मी बघेन' हे म्हणण्याची सोय कायद्याने ठेवलेली नाही. मूल आईबापाचे आहे, पण ते त्यांची मालमत्ता नाही. भारतीय संविधानाच्या २१ व्या कलमाने जीविताचा हक्क प्रत्येक व्यक्तीला दिला आहे आणि दोन वर्षांचे मूल ही पूर्ण व्यक्ती आहे. त्याला बोलता येत नाही, म्हणून त्याचा हक्क अर्धा होत नाही. उलट, ज्याला स्वतःची तक्रार करता येत नाही, त्याच्या वतीने दुसऱ्या कुणीतरी बोलायचे असते.

तिसरे कारण अधिक खोल आहे आणि ते आमच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. आमच्या वस्त्यांतील माणूस पोलिसांना स्वतःहून फोन करायला कचरतो. पोलीस ठाण्याची पायरी चढलेल्याला उलट प्रश्न कसे विचारले जातात, हे पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेले आहे. त्यातून समोरची गाडी वीस-पंचवीस लाखांची असेल, तर आत बसलेला माणूस कुणाचा कोण निघेल याचा नेम नाही. पुण्यात १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरात भरधाव पोर्शे गाडीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. अल्पवयीन चालकाला काही तासांतच जामीन मिळाला आणि ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली गेली. लोक रस्त्यावर आले, तेव्हा तो आदेश बदलला. हे ज्यांनी पाहिले, त्यांना "तक्रार करा" असे सांगताना आपल्याही जिभेला जड जाते.

आता दुसरी बाजू. आमच्या वस्तीतून एक ऑटोरिक्षा सकाळी शाळेची मुले नेतो. परवाना तीन प्रवाशांचा. मुले आम्ही मोजली, अकरा होती. दोघे चालकाच्या दोन्ही बाजूंना, दप्तरे बाहेर लटकलेली. हा चालक आमचा शेजारी आहे. त्याला विचारले, तर म्हणाला, "काका, तुमचं म्हणणं बरोबर हाये. पण तीन पोट्टे घेऊन पेट्रोलचे तरी पैसे निघन का?" त्याचे खोटे नाही. आईबाप धुणीभांडी करणारे, बांधकामावर जाणारे. शाळेची बस त्यांना परवडत नाही. उद्या आम्ही तक्रार केली, ऑटो जप्त झाला, तर त्याच्या घरची चूल विझेल आणि अकरा मुलांची शाळा बुडेल. त्यातल्या मुली तर कदाचित घरीच बसतील. मग इथेही आम्ही पांढऱ्या गाडीसारखाच नंबर लिहून घ्यायचा काय?

आमच्या मते इथे एक फरक केला पाहिजे. मजबुरी आणि मौज यांतला फरक. पाच-सहा माणसांचे कुटुंब एका दुचाकीवर बसते, कारण गावाला जाणारी एसटी बंद झालेली असते. तो माणूस मौजेसाठी लेकराला टाकीवर बसवत नाही. छताची काच उघडून मुलांना वारा खायला उभे करणाऱ्याची मजबुरी कोणती? त्याच्या गाडीत पट्टे आहेत, मागे रिकामी सीट आहे, खास आसन घेण्याची ऐपत आहे. नाही ती फक्त जाणीव. मजबुरीवर दंडाची पावती फाडणे म्हणजे गरिबीला दंड करणे होय. मौजेवर मात्र पावती फाटलीच पाहिजे.

पण इथेच थांबून चालणार नाही, कारण रस्त्याला मजबुरी समजत नाही. अकरा मुलांचा ऑटो उलटला, तर डोकी तितकीच फुटतील. म्हणून मजबुरी दिसली की गप्प बसायचे, असा याचा अर्थ कुणी काढू नये. मजबुरी असेल तिथे मार्ग वेगळा, एवढेच. राज्यात स्कूल बससंबंधी २०११ चे नियम आहेत. त्यांनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असायला हवी आणि तिचे अध्यक्षपद मुख्याध्यापकांकडे असते. किती पालकांना हे ठाऊक आहे? आम्ही चार पालकांना घेऊन मुख्याध्यापकांना भेटलो. पुष्कळ बोलणे झाले. पालकांनी महिन्याला थोडे पैसे वाढवून द्यायचे, चालकाने एकाऐवजी दोन फेऱ्या करायच्या आणि आधी सुटणाऱ्या मुलांना शाळेने अर्धा तास आवारात बसू द्यायचे, असे ठरले. अकराची सहा झाली. सहा हाही नियमभंगच आहे, हे आम्ही लपवत नाही. उरलेल्या मुलांसाठी शहर बस मागण्याचे निवेदन दिले आहे आणि तो पाठपुरावा सोडलेला नाही. परंतु चालकाच्या बाजूला आता कोणतेही मूल लोंबकळत नाही.

आणि आता स्वतःची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय हा लेख लिहिण्याचा अधिकार आम्हाला नाही. या सगळ्या धावपळीत एका संध्याकाळी आम्ही नातवाला स्कूटरवर पुढे उभा करून बाजारात गेलो. डोक्यावर हेल्मेट आमच्या होते, त्याच्या नव्हते. भाजीवाली बाई मेथीची जुडी बांधता बांधता म्हणाली, "बाबाजी, पोट्ट्याले समोर काऊन उभं केलं? ब्रेक मारला त कुठं जाईन थो?" आजूबाजूची चार माणसे वळून पाहू लागली. आम्हाला राग आला. ही कोण आम्हाला सांगणारी? अगदी हेच शब्द मनात आले. घरी येईपर्यंत तो राग उतरला आणि त्याची जागा शरमेने घेतली. त्या बाईने आमच्या नातवाला ना कधी पाहिले होते, ना पुन्हा पाहणार होती. तरी ती बोलली. गिऱ्हाईक तुटेल याची पर्वा न करता बोलली. वर्धा रोडवर आमच्या हातात मोबाईल होता, कायद्याचे ज्ञान होते आणि तरीही आम्ही गप्प राहिलो. शहाणे कोण, ते वाचकांनीच ठरवावे.

तेव्हा करायचे काय? आमचे मत असे. गाडी थांबलेली असेल, सिग्नलवर, ढाब्यावर, पेट्रोल पंपावर, तर आधी नम्रपणे बोलावे. "लेकराला आत बसवा, पट्टा लावा," एवढेच. उपदेश नको, आवाज चढवणे नको. दहांतले काही जण चिडतील, पण काही जण ऐकतील. गाडी धावत असेल आणि धोका डोळ्यांसमोर असेल, तर ११२ वर फोन करावा. राष्ट्रीय महामार्ग असेल, तर १०३३ हा क्रमांकही आहे. गाडीचा नंबर, रंग, ठिकाण आणि दिशा सांगावी. हे काम सोबत बसलेल्याने करावे, गाडी चालविणाऱ्याने नव्हे. पाठलाग करू नये. आणि एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. मुलांचे चेहरे दिसतील असे चित्रण करून ते मोबाईलवरून गावभर पाठवू नये. ती तक्रार नव्हे, तमाशा होतो, आणि त्यात बदनामी होते ती लेकरांची.

फोन केल्याने काय होणार, पोलीस येणार थोडेच, असे म्हणणारे भेटतील. नेहमी येतील असे आम्हीही म्हणत नाही. परंतु फोनच गेला नाही, तर न येण्याचा दोष त्यांच्यावर कसा टाकणार? २०१९ च्या दुरुस्तीने अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला कलम १३४ अ अन्वये संरक्षण दिले आहे. अपघात झाल्यावर धावणाऱ्याच्या पाठीशी कायदा उभा राहिला, हे चांगलेच झाले. पण अपघाताच्या आधी बोलणाऱ्याच्या पाठीशी समाज उभा राहिला पाहिजे. संविधानाच्या उद्देशिकेत स्वातंत्र्य आणि समतेबरोबर बंधुता हा शब्द आहे. आपण तो भाषणात वापरतो, भिंतीवर रंगवतो. अनोळखी गाडीतल्या, अनोळखी जातीच्या, अनोळखी लेकरासाठी खिशातला मोबाईल बाहेर काढणे, हासुद्धा त्या शब्दाचाच अर्थ आहे.

ती लग्नपत्रिका अजून आमच्या टेबलाच्या खणात आहे. पाठीवर तो नंबर आहे. आता त्याचा उपयोग नाही. छतातून हात पसरणारी ती मुलगी आता एका वर्षाने मोठी झाली असेल, अशी आशा करण्यापलीकडे आमच्या हाती काही उरलेले नाही. पुढच्या वेळी असे होऊ द्यायचे नाही, एवढे मात्र आम्ही ठरवले आहे. नातवासाठी त्याच्या मापाचे हेल्मेट आणले आहे. पहिल्या दिवशी ते दाखवायला आम्ही मुद्दाम त्या भाजीवालीकडे गेलो. तिने पाहिले, मान डोलावली आणि मेथीची जुडी पुढे केली. पैसे मात्र पूर्ण घेतले.