घास उतरत नाही तेव्हा

तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरवर रेडिएशन सुरू झालं की दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड सोलवटतं, लाळ आटते, साधी पोळीही टोचते. अशा वेळी तिखट-आंबट बाजूला ठेवून तूप घातलेला गुरगुट्या भात, मुगाचं घट्ट वरण, दुधातली नाचणीची खीर, पूर्ण उकडून वरणात कुस्करलेलं अंडं द्यावं. दोन मोठ्या जेवणांऐवजी दर दोन तासांनी चार घास. वजनाच्या दर किलोमागे रोज १ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात. ५० किलोच्या माणसाला ५० ते ७५ ग्रॅम. एका अंड्यात जेमतेम ६ ग्रॅम. नुसत्या पेजेवर भागत नाही. (मूत्रपिंडाचा त्रास असल्यास प्रमाण डॉक्टरच ठरवतील.)

‘साखरेने गाठ वाढते’ म्हणून भात, दूध, गोड सगळंच तोडलं, तर पेशंट उपाशी राहतो, गाठ नव्हे. अन्न पोचवायला नाकातून नळी घालायची म्हटलं की घरचे हादरतात. पण ती उपचार पूर्ण व्हावेत म्हणूनची सोय आहे. उपचारांनंतरही चव परतायला काही महिने लागू शकतात. दर आठवड्याला वजन लिहून ठेवा. ते उतरू लागलं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता आहारतज्ज्ञांना गाठा.