पहिली टेस्ला रोडस्टर: किंमत कशी ठरते, विमा कसा असावा?

२००८ ते २०१२ या काळात टेस्लाने पहिली रोडस्टर बनवली, जगभरासाठी साधारण २,४५० गाड्या. लोटस एलिझवर आधारलेली चासी, कार्बन फायबरची बॉडी आणि ६,८३१ लिथियम-आयन सेल्सची बॅटरी! अमेरिकेत आज ती संग्राहकांची गाडी आहे. साध्या सेकंडहँड गाडीचे नियम तिला लावून चालत नाही.

किंमत कशावर ठरते?

🔋 बॅटरी: नवी असताना गाडी एका चार्जवर सुमारे ३९० किमी जायची. आज किती जाते, ते तपासा. बॅटरी पूर्ण उतरून तशीच पडून राहिली तर कायमची निकामी होऊ शकते. त्यामुळे ‘गाडी फारशी चाललेली नाही’ एवढ्यावर भुलू नका.
🔧 मूळ सुटे भाग, मूळ रंग आणि सर्व्हिसच्या सलग नोंदी.
🔨 त्याच मॉडेलला लिलावात अलीकडे मिळालेले भाव.

विमा कोणता?

साधी पॉलिसी घसारा कापून पैसे देते. दुर्मीळ गाडीला ‘ॲग्रीड व्हॅल्यू’ पॉलिसी हवी. तिच्यात रक्कम आधीच ठरते. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली, तर तेवढी भरपाई मिळते. ‘स्टेटेड व्हॅल्यू’ वेगळी: तिथे बाजारभाव कमी असेल तर भरपाईही कमी मिळू शकते. ‘ॲग्रीड व्हॅल्यू’ पॉलिसींना बहुधा अटी असतात: बंदिस्त गॅरेज, मर्यादित वापर, रोजच्यासाठी दुसरी गाडी. वयोमानाने झालेली बॅटरीची झीज सहसा विम्यात येत नाही.

फोटो, बिलं, बॅटरीचे अहवाल जपून ठेवा. भाव बदलले की मूल्यांकन नव्याने करून पॉलिसीतली रक्कमही बदलून घ्या!