भरल्या टाकीची अडचण

11 ऑक्टोबर 2024च्या संध्याकाळी तिरुचिरापल्लीहून शारजाला निघालेल्या बोइंग 737ची हायड्रॉलिक यंत्रणा बिघडली. आत 141 प्रवासी होते. तरीही विमान लगेच उतरलं नाही. दोन तासांहून अधिक काळ घिरट्या घालत राहिलं.

कारण इंधन.

प्रवासापुरतं इंधन, वाटेतल्या वाऱ्याबिऱ्यासाठी थोडं वाढीव, पर्यायी विमानतळ गाठण्यापुरतं आणि शेवटी अर्धा तास तरंगण्याइतकी राखीव शिल्लक, एवढं सगळं उड्डाणाआधीच भरलेलं असतं. त्या वजनानिशी उतरणं धोक्याचं. बोइंग 777सारखी मोठी विमानं जादा इंधन हवेत सोडू शकतात. 737ला ती सोयच नाही, इंधन जाळावंच लागतं.

रात्री सव्वाआठच्या सुमारास विमान सुखरूप उतरलं. त्या घिरट्या म्हणजे गोंधळ नव्हता, चोख हिशेब होता.