आयडी ब्लॉक झाला, पण का? डिलिव्हरी बॉयला हे विचारायचा हक्क आहे का?

संध्याकाळी सातला अंधेरी स्टेशनबाहेर बघा. बाईक स्टँडवर, पाठीला चौकोनी बॅगा, नजर मोबाईलवर. पुढची ऑर्डर कुणाला जाणार, हे अ‍ॅपचा अल्गोरिदम ठरवतो. लोकेशन, रेटिंग, नाकारलेल्या ऑर्डरी, सगळा हिशोब त्याच्याकडे. आणि मग एखाद्या सकाळी लॉगिनच होत नाही. यालाच म्हणतात 'आयडी ब्लॉक'. जाब विचारायला जावं, तर समोर बऱ्याचदा चॅटबॉट.

आता तुम्ही म्हणाल, नवे लेबर कोड आले ना?

आले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. त्यानुसार अ‍ॅप कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम निधीत भरायची. कमाल मर्यादा, गिग कामगारांना दिलेल्या पैशाच्या ५ टक्के. त्यातून अपघात विमा, आरोग्य वगैरे योजना. चांगलंच आहे. पण आयडी का ब्लॉक केला, हे सांगायची सक्ती त्यात नाही. कारण कायद्याच्या लेखी गिग कामगार हा मालक-नोकर नात्याच्या बाहेरचा. नोकरच नाही, तर कामावरून काढलं म्हणून दाद कुठे मागणार?

शेजारच्या कर्नाटकने २०२५ मध्ये इथेच हात घातला. काम थांबवायचं तर लेखी कारण आणि १४ दिवसांची नोटीस द्यायची, अपवाद मोजके. अल्गोरिदमचा कामावर काय परिणाम होतो, तेही कामगाराला सांगायचं. युरोपियन युनियन आणखी पुढे गेलं. तिथल्या २०२४ च्या नियमांनुसार खातं बंद करायचा निर्णय माणसानेच घ्यायचा, मशीनने नाही. सदस्य देशांना मुदत आहे डिसेंबर २०२६ ची.

महाराष्ट्रात असा कायदा अजून नाही. गंमत म्हणजे, नोकर कुणाचा हेच ठरत नाही अशा कामगारांसाठी देशाला वाट दाखवली ती आपणच. १९६९ चा माथाडी कायदा. हमाल आज या गाळ्यावर, उद्या त्या. मग बोर्डाकडे नोंदणी, व्यापाऱ्यांकडून मजुरीवर लेव्ही आणि त्यातून हमालाला भविष्य निर्वाह निधी. फरक इतकाच, की हमालाला मुकादम तरी दिसायचा.

तुमच्या ओळखीत कुणी डिलिव्हरी करत असेल, तर त्याला दोन गोष्टी सांगा. ई-श्रम पोर्टलवर नोंदणी कर, आणि ब्लॉकचा मेसेज आला की आधी स्क्रीनशॉट काढ.