अप्रकट उष्णता

एका भांड्यात बर्फाचे खडे घ्यावेत, त्यांत तापमापक उभा धरावा आणि भांडे मंद आचेवर ठेवून बर्फ सारखा ढवळत राहावे. थोड्याच वेळात एक नवल दृष्टीस पडते. जाळ चालू असतो, बर्फ वितळत असतो. परंतु तापमापकातील पारा 0 अंश सेल्सिअसवरून हालत नाही. शेवटचा खडा वितळला म्हणजेच तो वर चढू लागतो. पुढे पाणी उकळू लागले की पुन्हा तोच प्रकार! समुद्रकाठच्या गावी पारा 100 अंशांजवळ थबकतो. जाळ कितीही वाढविला, तरी पाणी अधिक तापत नाही. त्याची वाफ तेवढी अधिक वेगाने होते. मग या वेळात दिलेली उष्णता जाते कोठे?

स्कॉटलंडमधील ग्लासगो विद्यापीठातील प्राध्यापक जोसेफ ब्लॅक यांनी 1761 च्या सुमारास या प्रश्नाचा छडा लावला. बर्फ वितळण्याच्या बेतात आला म्हणजे आणखी किंचित उष्णता मिळताच त्याचे पाणी होते, अशी त्या काळी समजूत होती. ब्लॅक यांनी एकसारख्या दोन काचपात्रांत सारख्याच वजनाचे पाणी घेतले. एका पात्रातील पाण्याचा बर्फ केला; दुसऱ्यातील पाणी जवळजवळ बर्फाइतकेच थंड, पण पातळ राहू दिले. मग दोन्ही पात्रे एका मोठ्या दालनात ठेवली. तेथील हवा दोघांनाही सारखीच उष्णता पुरवीत होती. थंड पाणी अर्ध्या तासात फॅरनहाइट मापाने 7 अंश तापले. बर्फाला मात्र वितळून तेवढ्याच तापमानास पोहोचण्यास साडेदहा तास लागले. म्हणजे एकवीसपट वेळ! बर्फ पुष्कळ उष्णता पोटात घेतो आणि तापमापकाला तिचा थांग लागू देत नाही, हे यावरून सिद्ध झाले. या लपलेल्या उष्णतेस आपण ‘अप्रकट उष्णता’ म्हणतो.

ही उष्णता कोणते काम करते? प्रत्येक पदार्थ अतिसूक्ष्म कणांचा बनलेला असतो. घन पदार्थात हे कण एकमेकांना घट्ट धरून जागच्या जागी थरथरत असतात. द्रवात ही पकड सैल होते, म्हणून द्रव वाहतो. वायूत ती जवळजवळ सुटते आणि कण स्वैर धावू लागतात. कणांची हालचाल वाढली की तापमान वाढते. परंतु अवस्था बदलत असताना मिळालेली उष्णता हालचाल न वाढविता पकड सोडविण्यात खर्ची पडते; म्हणूनच पारा स्थिर राहतो.

1 ग्रॅम पाणी 1 अंश सेल्सिअसने तापविण्यास 1 कॅलरी उष्णता लागते. 0 अंशाच्या 1 ग्रॅम बर्फाचे 0 अंशाचेच पाणी करण्यास मात्र सुमारे 80 कॅलरी लागतात, आणि 100 अंशांच्या 1 ग्रॅम पाण्याची वाफ करण्यास तर सुमारे 540!

ही उष्णता नाहीशी होत नाही. वाफेचे पुन्हा पाणी झाले की ती सारी परत मिळते. मोदकपात्रातील मोदक पाण्याला न टेकताही उकडले जातात, ते याच उष्णतेवर. त्यांना लागताच वाफेचे पाणी होते आणि वाफ आपली अप्रकट उष्णता त्यांच्या स्वाधीन करते. वाफ हातावर आली तर तेथेही हेच घडते. म्हणून उकळत्या पाण्यापेक्षा वाफेने अधिक भाजते. पात्राचे झाकण उघडताना हात व तोंड दूर ठेवावे, असे वडीलधारी माणसे बजावतात, त्याचे कारण हेच होय. उलट, माठातून पाझरणारे पाणी वाफ होताना आतील पाण्याची उष्णता घेऊन जाते आणि आपल्याला उन्हाळ्यात गार पाणी मिळते.

आता हिमालयाकडे पाहा. हिवाळ्यात तेथे अपार बर्फ साचतो. बर्फाला वितळण्यासाठी इतकी उष्णता लागली नसती, तर उन्हाळ्याच्या पहिल्या उबेसरशी तो बहुतेक सारा एकदम पाणी होऊन कोसळला असता. नद्यांना महापूर येऊन काठची गावे वाहून गेली असती आणि पुढे ऐन उन्हाळ्यात त्याच नद्यांना बर्फाचे पाणी मिळाले नसते. प्रत्यक्षात सूर्याची उष्णता पोटात घेत बर्फ हळूहळू वितळतो आणि गंगा, यमुना, सिंधू या नद्यांना कडक उन्हाळ्यातही पाणी पुरवितो. तापमापकाला जिचा पत्ता लागत नाही, ती उष्णता लक्षावधी लोकांची तहान भागविण्यास अशी साहाय्य करीत असते.